आपत्तीपूर्वी कुटुंबाचा ठराव

(बुटीबोरी परिसरातील शेतकरी कुटुंबे व ग्रामसेवक यांच्यासाठी पाठ)

पेरणीची तयारी कोणताही शेतकरी पाऊस पडल्यावर करीत नाही. बियाण्याची उगवणशक्ती तपासणे, वखर व तिफण दुरुस्त करणे, बैलांना खुराक देणे, धुऱ्यावरील झुडपे काढणे ही सर्व कामे मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच उरकलेली असतात. उशीर झाला तर हंगाम हातचा जातो, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. परंतु ज्या घरात ते बियाणे ठेवलेले असते, त्या घराच्या व त्यात राहणाऱ्या माणसांच्या रक्षणासाठी अशी पूर्वतयारी फार थोडी कुटुंबे करतात. पूर आला किंवा वीज कोसळली तर काय करावयाचे, हा विषय निघाला की "त्या वेळी पाहू" असे म्हणून तो बाजूस सारला जातो.

संकटाच्या वेळी विचार करण्यास सवड नसते. रात्रीची वेळ, अंधार, पावसाचा आवाज, मुलांचे रडणे आणि दारात आलेले पाणी अशा स्थितीत शहाण्या माणसाचीही मती गुंग होते. म्हणून कोठे जावयाचे, कोणी कोणास न्यावयाचे आणि काय मागे सोडावयाचे, याचा निर्णय कुटुंबाने आधीच एकत्र बसून घेतला पाहिजे. असा ठराव कसा करावा व त्यासाठी घरात, गोठ्यात आणि गावात कोणती तयारी असावी, हे या पाठात सांगितले आहे.

१. आपला परिसर ओळखावा

बुटीबोरी हे नागपूरच्या दक्षिणेस, नागपूर-वर्धा मार्गावरील गाव. एकेकाळी शेतीच्या बाजारहाटाचे असलेले हे ठिकाण आता मोठ्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वत्र परिचित झाले आहे व आज तेथे नगर परिषद आहे. तथापि आसपासच्या खेड्यांत कापूस, सोयाबीन, तूर व संत्री हीच मुख्य पिके आहेत. या परिसरातून वाहणारी वेणा नदी, जिला हिंगणघाटकडे वणा म्हणतात, नागपूरच्या पश्चिमेकडील उंचवट्याच्या प्रदेशातून येते आणि पुढे जाऊन वर्धा नदीस मिळते. तिला अनेक नाले मिळतात. उन्हाळ्यात हे नाले कोरडे पडतात; म्हणून त्यांच्या काठी घरे, गोठे व झोपड्या उभ्या राहतात.

नागपूर भागात वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडतो. येथील काळी जमीन एकदा तृप्त झाली की अधिक पाणी मुरवून घेत नाही. अशा वेळी पडलेला जोराचा पाऊस थेट नाल्यात उतरतो आणि सकाळी ओलांडलेला नाला सायंकाळी ओलांडता येत नाही. ज्या भागात रस्ते, भराव व इमारती झाल्या आहेत, तेथे पाण्याच्या जुन्या वाटा बदललेल्या असतात. त्यामुळे "आमच्या आजोबांच्या काळापासून येथे पाणी आलेले नाही" हा आधार आता पुरेसा मानता येत नाही.

याचे उदाहरण नागपूर शहरातच घडले. २३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीस पूर आला आणि हजारो घरांत पाणी शिरले. लोक झोपेत होते. काहींचे प्राणही गेले. पावसाळा संपत आला, आता भीती नाही, असे ज्या दिवसांत वाटू लागते, त्या दिवसांत हे घडले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२. मोवाडचा धडा

आपल्याच जिल्ह्याच्या वायव्य टोकास, नरखेड तालुक्यात वर्धा नदीच्या काठी मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने या गावावर घाला घातला. त्यात २०४ माणसे मृत्युमुखी पडली. अनेक कुटुंबांतील एकही व्यक्ती वाचली नाही. पुढे गावाचे पुनर्वसन करण्यात आले.

मोवाडची हकिकत सांगण्याचा हेतू कोणास घाबरविण्याचा नाही. नदीकाठच्या गावास नदी रोजची परिचित असते आणि परिचयामुळेच तिचे भय कमी झालेले असते. पाणी थोडे वाढले की लोक पाहावयास जातात; आणखी वाढले की सामान उंचावर ठेवतात; आणि घर सोडण्याचा विचार मनात येईपर्यंत वाट बंद झालेली असते. आणखी एक गोष्ट अशी की, नदीचा पूर केवळ आपल्या शिवारातील पावसावर अवलंबून नसतो. वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडावे लागले, तर आपल्याकडे साधी रिमझिम असतानाही पाणी चढू शकते. म्हणून वरच्या भागातील पावसाची बातमी हीच आपल्यासाठी पहिली सूचना समजली पाहिजे.

३. कुटुंबाची बैठक : पाच प्रश्न

अक्षय तृतीयेच्या सुमारास नव्या हंगामाची जुळवाजुळव सुरू होते. याच दिवसांत एका सायंकाळी घरातील सर्वांनी, म्हणजे वडीलधारी माणसे, स्त्रिया, शाळेत जाणारी मुले व घरी राहणारा सालदार असल्यास त्यानेही, एकत्र बसून पुढील पाच प्रश्नांची उत्तरे ठरवावीत.

पहिला प्रश्न : कोठे जावयाचे? पूर आल्यास जाण्याची जागा उंचावर, पक्क्या बांधकामाची व नाला न ओलांडता गाठता येईल अशी असावी. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीची इमारत किंवा उंचावरील आप्ताचे घर चालेल. एक जागा न मिळाल्यास दुसरी कोणती, हेही ठरवावे. त्या वाटेने दिवसा एकदा व अंधारात एकदा सर्वांनी चालून पाहावे. वाटेत उघडी विहीर, खड्डा किंवा विजेचा खांब कोठे आहे, हे मुलांनाही माहीत असावे.

दुसरा प्रश्न : कोणी कोणास न्यावयाचे? म्हातारी आजी, अंथरुणास खिळलेला रुग्ण, गरोदर स्त्री, तान्हे मूल व अपंग व्यक्ती यांपैकी प्रत्येकासाठी एका धडधाकट माणसाचे नाव ठरलेले असावे. "कोणीतरी नेईल" असे ठेवू नये. सर्वांवर सोपविलेले काम कोणाचेच राहत नाही. घरचा पुरुष औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीस जात असेल, तर त्याच्या गैरहजेरीत हे काम कोण करील, याचा स्वतंत्र निर्णय करावा.

तिसरा प्रश्न : काय बरोबर घ्यावयाचे? एकच पिशवी घ्यावयाची आणि ती आधीच भरून ठेवलेली असावी. तिच्यात काय असावे, हे पुढे दिले आहे.

चौथा प्रश्न : गुरांचे काय करावयाचे? पाणी चढू लागताच दावी कोण सोडणार व गुरे कोणत्या उंच जागी हाकणार, हे ठरवावे. त्याचबरोबर घरातून बाहेर पडल्यावर गुरांसाठी कोणीही परत फिरावयाचे नाही, हाही ठराव करावा.

पाचवा प्रश्न : निरोप कोणास द्यावयाचा? कुटुंबाची ताटातूट झाल्यास सर्वांनी ज्यास आपली खुशाली कळवावयाची, असा दुसऱ्या गावचा एक आप्त निवडावा. त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक मुलांना तोंडपाठ असावा. कारण पाण्यात पडलेल्या किंवा बंद पडलेल्या यंत्रातील क्रमांकाचा उपयोग होत नाही.

ही उत्तरे एका जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहून दाराच्या आतील बाजूस लावावीत. त्याच कागदावर पुढील क्रमांक लिहावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि जनावरांच्या उपचारासाठी १९६२.

४. घर, धान्य व कागदपत्रे

मे महिन्यातच घराची पाहणी करावी. कवेलूंचे छप्पर शाकारून घ्यावे. टिनपत्रे असल्यास ती खिळ्यांऐवजी आकडे व नटबोल्टने आढ्यास घट्ट बसवावीत. वादळात सुटलेले पत्र्याचे पान तलवारीसारखे उडते. पत्र्यांवर सुटे दगड ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर पडतो. मातीच्या भिंतीचा पाया पाणी मुरून खचू नये म्हणून भिंतीलगत उताराचा ओटा घालून पागोळ्यांचे पाणी दूर काढून द्यावे. फुगलेली किंवा कललेली भिंत असेल, तर तिच्या आडोशास झोपू नये. घरावर झुकलेल्या फांद्या तोडाव्यात. मात्र विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः न तोडता वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना कळवावे.

बियाणे व धान्य जमिनीवर ठेवू नये. लाकडी बल्ल्यांच्या मंचकावर, भिंतीपासून हातभर दूर थप्पी लावावी. कीटकनाशकांच्या बाटल्या व डबे सर्वांत उंच फळीवर कुलूपबंद ठेवावेत. घरात पाणी शिरून हे विष धान्यात व पिण्याच्या पाण्यात मिसळल्यास पुरातून वाचलेले कुटुंब विषबाधेस बळी पडू शकते. नदीकाठच्या विहिरीवरील मोटारपंप पावसाळ्यापूर्वीच उंचावर हलवावा. पाणी चढताना पंप काढण्यासाठी धाव घेणे हे जिवावर बेतणारे काम आहे.

तातडीच्या पिशवीत पुढील वस्तू असाव्यात :

(अ) सात-बारा, आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, विम्याची पावती व जमिनीचे दस्तऐवज, सर्व एका जाड प्लास्टिकच्या घट्ट बांधलेल्या पिशवीत. यांच्या छायाप्रती दुसऱ्या गावच्या आप्ताकडे.

(आ) विजेरी व तिचे जादा सेल, आगपेटी मेणकापडात गुंडाळून, शिटी व दोर.

(इ) फुटाणे, गूळ, मुरमुरे, शेंगदाणे असे शिजविल्याशिवाय खाता येणारे अन्न.

(ई) नेहमीची औषधे किमान आठवड्याची, जलसंजीवनीची पाकिटे, जखमेवर बांधावयाची पट्टी.

(उ) तान्ह्या मुलाचे व स्त्रियांचे आवश्यक कपडे, थोडी रोकड.

याशिवाय पिण्याचे पाणी माणशी दररोज किमान ३ लिटर या हिशेबाने ५ माणसांच्या कुटुंबास ३ दिवसांसाठी ४५ लिटर लागते. एवढे पाणी बरोबर नेता येत नाही. म्हणून ठरलेल्या निवाऱ्याच्या ठिकाणी ते झाकून ठेवण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी.

५. गुरांची व्यवस्था

बैलजोडी किंवा दुभती म्हैस गमावली की लहान शेतकऱ्याचा पुढील हंगामच बुडतो. म्हणूनच पुरात माणसे गोठ्याकडे परत धावतात व प्राणास मुकतात. हा मोह टाळावयाचा असेल, तर गुरांची व्यवस्था माणसांच्या आधी व्हावी लागते. जोराच्या पावसाची सूचना मिळताच गुरे दिवसाउजेडी उंच जागी नेऊन बांधावीत. तसे जमले नाही, तर रात्री गळ्यातील गाठ एका ओढीने सुटेल अशी, म्हणजे सरकफासाची बांधावी. मोकळे जनावर बहुधा पोहून उंचवटा गाठते. दाव्याने जखडलेल्या जनावरास मात्र ती संधीच मिळत नाही.

निदान आठवडाभर पुरेल इतका कडबा व कुटार उंचावर झाकून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी टोचून घ्याव्यात. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण नुकसानीचे साहाय्य मागताना तो लागतो.

६. पाणी चढू लागल्यावर

हवामान खात्याच्या सूचना रंगांवरून ओळखाव्यात. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे तयार राहावे. तांबडा म्हणजे कृती करावी. नारिंगी सूचना मिळाली की पिशवी दाराशी ठेवावी व गुरे हलवावीत. तांबडी सूचना मिळाली व घर नाल्याकाठी असेल, तर रात्र पडण्यापूर्वीच घर सोडावे. पाणी आलेच नाही, तर एक रात्र शाळेत झोपण्याचा त्रास झाला इतकेच. तेवढ्यावरून पुढच्या सूचनेकडे दुर्लक्ष करू नये.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसची टाकी बंद करावी व चुलीतील विस्तव विझवावा. पायांखाली पाणी असताना खटक्यास हात लावू नये.

वाहत्या पाण्यातून कदापि जाऊ नये. नुसते वीतभर खोल पण वेगाचे पाणी उभ्या माणसास पाडू शकते आणि दोन-अडीच फुटांचे पाणी बहुतेक मोटारी उचलून नेते. १२ जुलै २०२२ रोजी सावनेर तालुक्यात केळवदनजीक पुलावरून पाणी वाहत असता एक मोटार वाहून गेली व तीतील अनेक प्रवासी बुडाले. बंडी, दुचाकी व ट्रॅक्टर यांनाही हाच नियम लागू आहे. पुलावरील कठडा दिसत असला, तरी पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे वरून कळत नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबावे. कामाची पाळी, लग्नाचा मुहूर्त किंवा बाजाराचा दिवस यांपैकी काहीही त्या थांबण्याहून मोठे नाही.

७. विजेपासून बचाव

विदर्भात शेतात काम करणाऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आकाशातील वीज. मृगापूर्वीच्या वळिवात व परतीच्या पावसात, म्हणजे पेरणीच्या व सोयाबीन कापणीच्या ऐन धांदलीत, तिचा धोका अधिक असतो. त्या वेळी माणसे मोकळ्या वावरात असतात व सर आली की जवळच्या झाडाखाली धावतात. उंच व एकाकी झाडावर वीज पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो आणि ती झाडावरून बाजूच्या माणसावर उडी घेते. म्हणून पावसात भिजणे पत्करावे, पण झाडाखाली थांबू नये.

वीज किती दूर आहे, हे मोजण्याची सोपी रीत अशी : आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर अंतरास सुमारे ३ सेकंद लागतात. लखलखाट दिसताच आकडे मोजावेत. ३० मोजण्यापूर्वी गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे व आपण धोक्याच्या कक्षेत आहोत, असे समजावे. तत्काळ काम थांबवून पक्क्या घरात किंवा पूर्ण बंद मोटारीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

आसरा नसल्यास सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, मान गुडघ्यांत घालावी व कान झाकावेत. जमिनीवर आडवे पडू नये. वीज जमिनीत शिरल्यावर चोहीकडे पसरते आणि शरीराचे दोन भाग जमिनीस जितके दूर टेकलेले, तितका अधिक प्रवाह शरीरातून जातो. गुरांचे पुढचे व मागचे पाय दूर असतात, म्हणूनच एका झाडाखाली बांधलेली अनेक जनावरे एकदम दगावतात. गुरे झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणास बांधू नयेत. शेतात अनेक जण असतील, तर एकत्र घोळका न करता एकमेकांपासून दूर बसावे. विळे, कुदळी व लोखंडी छत्र्या बाजूस ठेवाव्यात.

वीज लागलेल्या माणसास शिवल्याने धक्का बसतो, हा समज चुकीचा आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास व नाडी बंद असल्यास विलंब न लावता छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहावे व १०८ क्रमांकास कळवावे. त्यास शेणात किंवा मातीत पुरण्याचा प्रकार करू नये. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. विजेची आगाऊ सूचना देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. गटातील निदान एका मजुराच्या वा मुकादमाच्या भ्रमणध्वनीत ते असावे.

८. ऊन व भूकंप

नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तपमानाची नोंद झाली होती. मे महिन्यात शेतीची कामे सकाळी ११ पूर्वी व सायंकाळी ४ नंतर करावीत, डोक्यास दुपट्टा बांधावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा पन्हे प्यावे. अंग तापून घाम थांबला व माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजून सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. बातम्यांबाबतही सावध राहावे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखविली व ती बातमी देशभर पसरली. परंतु ती यंत्रातील बिघाडामुळे झाल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. पहिल्या बातमीवर विसंबून न राहता खात्याचा खुलासा पाहावा, हा नियम प्रत्येक आपत्तीत उपयोगी पडतो.

भूकंपाचे भय आपल्याकडे कमी असले, तरी ते मुळीच नाही असे नव्हे. २२ मे १९९७ रोजी जबलपूर येथे झालेल्या भूकंपाचे धक्के नागपूरपर्यंत जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात नऊ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी झोपलेल्यांवर कोसळल्याने हानी वाढली. नवीन घर बांधताना छप्पर हलके ठेवावे व भिंतीत दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा घालून घ्यावा. जुन्या घरात उशाशी जड फळी किंवा कणगी ठेवू नये.

९. पूर ओसरल्यावर : पाणी व सर्प

पुरातून वाचलेले गाव पुढील आठवड्यात अतिसार व काविळीने आजारी पडते, कारण विहिरींत गाळ व घाण शिरलेली असते. पिण्याचे पाणी गाळून व चांगले उकळून घ्यावे. विहीर उपसून गाळ काढल्यावर तिचे निर्जंतुकीकरण पुढील रीतीने करावे.

विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. उत्तरास १,००० ने गुणले की पाणी लिटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर खोल असेल, तर ३ × ३ × ४ × ३.१४ ÷ ४ = २८.२६, म्हणजे सुमारे २८,२६० लिटर पाणी झाले. दर १,००० लिटरास चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणाने सुमारे ७० ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन वरचे निवळ द्रावण विहिरीत मिसळावे व किमान एक तास पाणी उपसू नये. पाणी गढूळ असल्यास अधिक मात्रा लागते; म्हणून क्लोरीनची चाचणी घेऊनच पाणी पिण्यास मोकळे करावे.

पुरानंतर साप कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. अडगळ काठीने हलविल्याशिवाय हात घालू नये. सर्पदंश झाल्यास दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. तो अवयव न हलविता रुग्णास तडक सरकारी दवाखान्यात न्यावे.

१०. नुकसानीची नोंद

पडलेले घर, वाहून गेलेले पीक व मेलेली जनावरे यांची छायाचित्रे तत्काळ घ्यावीत आणि तलाठ्यास कळवावे. पंचनामा होण्यापूर्वी ढिगारा हलवू नये. मेलेल्या जनावराची पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून दाखला घ्यावा. त्यानंतर ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या वारसांस शासनाकडून ४ लाख रुपयांचे साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी शवविच्छेदन व पंचनामा आवश्यक असतो. दुःखाच्या भरात हे राहून जाते व पुढे वारसांची पायपीट होते. अशा घरी शेजाऱ्यांनी व ग्रामसेवकांनी स्वतः जाऊन हे काम करून द्यावे. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलू शकतात. म्हणून विमा घेतेवेळीच ते समजून घ्यावेत.

११. ग्रामसेवकांचे कार्य

ग्रामसेवकांनी केवळ पत्रके वाटून थांबू नये. मे महिन्यात गावाचा कच्चा नकाशा काढून त्यावर नाल्याकाठची घरे, उंच जागा, पक्क्या इमारती व धोक्याच्या वाटा दाखवाव्यात. ज्या घरांत वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्ती आहेत, त्यांची यादी करून प्रत्येकीसमोर मदतनिसाचे नाव लिहावे. दवंडी व मंदिर-मशिदीवरील ध्वनिक्षेपक हीच वीज गेल्यावरची उपयोगी साधने ठरतात. ध्वनिक्षेपकासाठी बॅटरीची सोय आहे का, हे पाहावे.

बुटीबोरी भागात एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. कारखान्यांत काम करणारी परगावची व परप्रांतांची कुटुंबे नाल्याकाठच्या स्वस्त खोल्यांत भाड्याने राहतात. नाल्याचा स्वभाव, उंच जागा व गावातील माणसे यांपैकी काहीच त्यांना परिचित नसते; मराठीतील सूचनाही पुष्कळदा समजत नाही. गावच्या यादीत त्यांची नावे नसतात. अशा कुटुंबांना हिंदीतून समजावून सांगणे, घरमालकावर त्यांची जबाबदारी सोपविणे व निवाऱ्याची जागा प्रत्यक्ष दाखविणे हे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवे. पूर गावकरी व परका असा भेद करीत नाही.

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक सायंकाळ ठरवून संपूर्ण गावाची तालीम घ्यावी. दवंडी झाल्यापासून शेवटचे कुटुंब निवाऱ्यात पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागली, हे घड्याळावर पाहून नोंदवहीत लिहावे. जे घर मागे राहिले, त्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन कारण विचारावे. पुढील वर्षी तीच नोंद समोर ठेवून सुधारणा करावी.

उजळणीचे प्रश्न

(ग्रामसेवकांनी हे प्रश्न गावच्या बैठकीत विचारावेत.)

१. आपल्या घरातून निवाऱ्याच्या जागी नाला न ओलांडता कोणत्या वाटेने जाता येते?

२. आपल्या घरातील सर्वांत दुर्बल व्यक्ती कोण व तिला नेण्याचे काम कोणाकडे आहे? तो माणूस रात्रपाळीस असल्यास कोणाकडे?

३. लखलखाटानंतर १५ आकडे मोजताच गडगडाट ऐकू आला, तर वीज किती दूर आहे व काय करावे?

४. व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ५ मीटर असलेल्या विहिरीस किती ब्लीचिंग पावडर लागेल?

५. गुरांची दावी कोण सोडणार, आणि बाहेर पडल्यावर परत न फिरण्याचा ठराव घरातील सर्वांस मान्य आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपसात बोलून द्यावे. ज्या घरात याचे उत्तर "होय" असे एकमुखाने येईल, त्या घराने मृगापूर्वीची एक पेरणी केली, असे समजावे.